पिनेखाली राहिलेला कोपरा

मी एक जुना स्टेपलर आहे. रंगाने काळा, वजनाने भारी आणि स्वभावाने वाईट. मित्रांनो, तुम्ही शाळेत छत्रीचे आत्मवृत्त लिहिता, फळ्याचे लिहिता, नदीचेही लिहिता. ती सगळी मंडळी फार सोशिक. झिजलो पण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. माझे होत नाही. कुणी माझे वाईट केले तर मी विसरत नाही आणि माझ्या माणसांचे केले तर मुळीच विसरत नाही. एका माणसावर मी दात धरला होता, त्याची ही हकिगत आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, आत स्प्रिंग बसवली आणि एका माणसाने मला जाड पुठ्ठ्यावर दोनदा दाबून पाहिले. दोन्ही पिना सरळ उतरल्या. त्याने मान डोलावली आणि मला खोक्यात ठेवले. तिथून मी दुकानात गेलो आणि दुकानातून आप्पांच्या टेबलावर आलो.

आप्पांचे ऑफिस परदेशी जाणाऱ्या लोकांना विमानाची तिकिटे काढून देत असे. एक लांबट खोली, काचेचा दरवाजा, दोन टेबले आणि भिंतीला लोखंडी कपाट. आप्पांचा एकच नियम होता. तिकिटामागे नियमाचा कागद लागलाच पाहिजे. आता हा नियमाचा कागद म्हणजे काय, ते सांगतो. लांब जायचे तर मधल्या एखाद्या देशात विमान बदलावे लागते. एका देशाचा पासपोर्ट असलेला माणूस तिथे बिनधास्त उतरतो. दुसऱ्या देशाच्या माणसाला मात्र तिथे घटकाभर थांबायचे म्हटले तरी आधी परवानगी काढावी लागते. तिला ट्रान्झिट व्हिसा म्हणतात. कुणाला ती लागते आणि कुणाला नाही, ते त्या कागदावर छापलेले असे. आप्पा तो गिऱ्हाइकापुढे ठेवत, त्याच्याकडून वाचून घेत आणि खाली सही घेत.

"तिकीट माणसाला घरातून नेतं," आप्पा म्हणायचे. "पोचवतो तो हा कागद."

तिकीट पुढे, नियमाचा कागद मागे, डाव्या कोपऱ्यात पिन. असे दोन संच व्हायचे, एक गिऱ्हाइकाला आणि एक कपाटात. हजारो माणसे मी अशी मार्गी लावली. एकही माणूस वाटेतून परत आला नाही. आप्पा दर शनिवारी मला तेलाचा थेंब घालायचे आणि म्हणायचे, "हा आहे तोवर आपल्याला काळजी नाही." असे शब्द ऐकले की कुठल्याही वस्तूची छाती फुगते. माझीही फुगली.

पुढे आप्पा गेले आणि ऑफिस दोघा मुलांकडे आले. थोरल्याने परदेशी तिकिटांचे टेबल घेतले. धाकटा जवळपासच्या सहलींचे टेबल बघू लागला. मी थोरल्याच्या वाट्याला आलो. फुटक्या नशिबाला इलाज नसतो.

थोरल्याने मला काय काय केले ते ऐका. तो माझ्या बुडाने अक्रोड फोडायचा. अडकलेल्या ड्रॉवरवर माझे डोके आपटायचा. पिना मऊ आणायचा, त्या कागदात शिरण्याआधीच मोडायच्या आणि शिव्या मला बसायच्या. शेवटी त्याने विजेवर चालणारे एक चकचकीत यंत्र आणले. कागद नुसते सरकवले की खट्. मला त्याने खिडकीच्या बाजूला लोटले. पण त्या यंत्राला प्लग लागायचा आणि प्लगवर सदा त्याचा मोबाइल लावलेला असायचा. म्हणून कामाला मीच. धाकटा मात्र अधूनमधून यायचा, आत अडकलेली पिन चिमट्याच्या टोकाने काढायचा आणि तेल घालायचा. त्याची आठवण मी जपून ठेवली आणि अक्रोडांचीही ठेवली.

एक दिवस थोरला बाहेर गेलेला असताना एक परदेशी बाई तिकिटासाठी आली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामाला होती. धाकट्याने तिच्यापुढे नियमाचा कागद ठेवला. इतक्या वर्षांत मी पाहिलेली ती एकटीच, जिने तो खरोखर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. एका शब्दाचा अर्थ विचारला. धाकट्याने तो सांगायला एक तास घेतला. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. तिला कुठेही जायचे नव्हते. वर्षभराने त्यांचे लग्न झाले.

इथे थोरल्याचे पित्त खवळले. आपल्या बायकोची धाकटी बहीण भावाला करून देतो, असा शब्द त्याने सासरी परस्पर देऊन ठेवला होता. तो शब्द खाली पडला. त्या दिवसापासून तो भावजयीला 'पाहुणी' म्हणू लागला. धाकटी भावजय, तिला एरवी कुणीही 'अगं' म्हणेल. हा मुद्दाम 'तुम्ही' म्हणायचा, जवळ येऊ नये म्हणून. ती मात्र त्याला दादा म्हणायची. भाषा ती धाकट्याकडून आणि नियमांच्या कागदांवरून शिकली होती, त्यामुळे तिचे बोलणे साधे, सरळ आणि थोडेसे नियमासारखे असायचे.

या दोघा भावांची आई परदेशात त्यांच्या बहिणीकडे, ताईकडे राहत होती. लग्नाच्या आधीच गेलेली, त्यामुळे धाकट्या सुनेला तिने पाहिलेले नव्हते. आईला ऐकू कमी यायचे. फोनवर ताई मोठ्या आवाजात सांगायची तेव्हा कुठे कळायचे. थोरला दर रविवारी ऑफिसातून फोन लावायचा आणि मी तिथेच टेबलावर असायचो.

"आई, तिला आपली माणसं नकोत," तो सांगायचा. "तुझा विषय निघाला की उठून जाते."

आणि सोमवारी पाहुणी डबा द्यायला आली की तिला म्हणायचा, "आईला अजून पचलेलं नाही. तुम्ही फोन नका करू. तिला त्रास होतो."

तीन वर्षे हे चालले. धाकटा बोलायचा तेव्हा आई सुनेचा विषय काढायची नाही आणि आईला लागेल म्हणून तोही काढायचा नाही. एकमेकांची मने जपता जपता दोघांनी थोरल्याला रान मोकळे करून दिले. मला सगळे माहीत होते. पण स्टेपलरला तोंड असते ते चावायला, बोलायला नाही. मी गप्प राहून हिशेब मनात ठेवला.

मग एक दिवस ताईचा फोन आला. आईच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले होते. वयाच्या मानाने अवघड होते. आईचा निरोप ताईने जसाच्या तसा सांगितला. "धाकट्या सुनेला एकदा या डोळ्यांनी बघू दे. मग कापा काय कापायचं ते."

पाहुणीने ताईकडून आईच्या चष्म्याचा नंबर मागवला आणि स्वतः बसून आईसाठी नवा चष्मा तयार केला. बारीक अक्षरे वाचायचा.

थोरल्याची मात्र पाचावर धारण बसली. त्या दोघी समोरासमोर आल्या की त्याचे तीन वर्षांचे बोलणे उघडे पडणार होते. पण वरवर तो म्हणाला, "तिकिटं मी काढतो. तू धावपळ करू नकोस."

तो सकाळभर बसला. अनेक वाटा पाहिल्या आणि त्यातली एक निवडली. तिच्यात मधल्या विमानतळावर बाहेर येऊन, सामान घेऊन पुन्हा आत जावे लागत होते. धाकट्याच्या पासपोर्टला तिथे काहीच लागत नव्हते. तिच्या पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागत होता. नियमाचा कागद त्याने छापून काढला, नीट वाचला आणि हसला. अक्रोड फुटला की तो असाच हसायचा.

संध्याकाळी दोघे तिकिटे घ्यायला आले. तिने विचारले, "दादा, मधे मला काही लागेल का?"

"काही नाही. बसायचं, कॉफी प्यायची, दुसऱ्या विमानात चढायचं."

धाकटा म्हणाला, "दादा, नियमाचा कागद?"

"घरच्या माणसांना कसला कागद? आता भावाकडून सही घेऊ का?"

धाकटा ओशाळला. सख्ख्या भावावर कोण संशय घेणार? थोरल्याने तिकीट एकटेच धरले आणि मला दाबले. मित्रांनो, माझ्या जबड्याला दोन कागदांची सवय होती. पिन एका कागदातून आरपार गेली आणि मला कळले की माझ्या हातून आज पाप होते आहे. केसाने गळा कापला जात होता आणि केस मी झालो होतो. माझा इतका अपमान अक्रोडांनीही केला नव्हता.

ते दोघे गेले आणि थोरल्याचा फोन वाजला. फोन मानेत धरून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला. बोलता बोलता ऑफिसची प्रत लावायला घेतली. मन फोनवर, हात सवयीवर. हाताने तिकीट पुढे घेतले, छापलेला नियमाचा कागद मागे घेतला, डाव्या कोपऱ्यात धरला आणि मला दणका दिला. आप्पांनी लहानपणी लावलेले वळण त्याच्या हातात शिल्लक होते, मनातून ते कधीच गेले होते. मी ही संधी सोडली नाही. पिन पुरी उतरवली आणि तिचे दोन्ही पाय आत घट्ट मुडपले.

ऑफिस बंद करताना त्याचे लक्ष गेले. चिमट्याने पिन काढायची सोडून त्याने मागचा कागद हिसका देऊन ओढला, चुरगळला आणि टोपलीत टाकला. मागे वळून पाहिले नाही. नखाएवढा कोपरा माझ्या पिनेखाली राहिला.

विमानतळावर काय झाले ते मी पाहिलेले नाही. पाहुणीने नंतर सांगितले ते ऐकले. ऑपरेशनला पाच दिवस होते. काउंटरवरच्या बाईने दोन्ही पासपोर्ट चाळले आणि पाहुणीचा बाजूला ठेवला.

"यांना जाता येईल. तुमचा ट्रान्झिट व्हिसा कुठे आहे?"

"तो लागत नाही," धाकटा म्हणाला. "माझ्या भावाने बघितलंय. त्याचं हेच काम आहे."

बाईने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. परवानगीला दहा दिवस लागणार होते. मागे रांग खोळंबली. धाकटा म्हणाला, मीही जात नाही. ती म्हणाली, "तू जा. दोघंही गेलो नाही तर त्यांना वाटेल मीच तुला अडवलं." मग तिथेच जमिनीवर बसून तिने दोघांच्या एकत्र भरलेल्या बॅगेतून आपले कपडे वेगळे काढले. चष्मा त्याच्याबरोबर दिला नाही. "तो मी स्वतः त्यांच्या डोळ्यांवर लावणार आहे," ती म्हणाली.

ती तिथून तडक ऑफिसात आली. हातात कपड्यांची पिशवी होती. तिने तिकीट थोरल्यापुढे ठेवले.

"अरेरे," तो म्हणाला. "नियम कालच बदलला असणार. आमच्या हातात काय असतं? मी आईला कळवतो, तुम्ही येत नाही म्हणून."

"कळवू नका. ऑफिसची प्रत दाखवा."

"बघा की. कपाट उघडंच आहे."

तो निर्धास्त होता. तिने प्रत काढली, उलटी केली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. दिवसभर लोकांना बारीक अक्षरे वाचायला लावणारी बाई ती. नखाएवढ्या कोपऱ्यात कागद छापल्याची तारीख आणि वेळ होती आणि खाली मथळ्याचा पहिला शब्द.

"पंधरा दिवसांपूर्वी," तिने वाचले. "सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. ट्रान्झिट."

"तो दुसऱ्या कुणाचा तरी असेल."

"माझ्या तिकिटाला दुसऱ्याचा कागद तुम्ही लावाल? इतकी वर्षं तुम्ही असं केलं नाही."

मला वाटले, आता ही मला उचलून त्याच्या टाळक्यात घालणार. मी तयार होतो. खरे सांगायचे तर मी वाट बघत होतो. पण तिने ड्रॉवरमधला चिमटा घेतला, पिन हलक्या हाताने काढली आणि तो कोपरा आईच्या चष्म्याच्या डबीत ठेवला.

"उठा," ती म्हणाली. "मला बसू द्या."

तो उठला. आयुष्यात प्रथमच मी त्याला त्या खुर्चीतून कुणाच्या सांगण्यावरून उठताना पाहिले. ती दोन तास वाटा शोधत होती. एक वाट कुणाचीच परवानगी न मागणारी निघाली. तीन ठिकाणी विमान बदलायचे आणि चौतीस तासांचा प्रवास. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ती पोचत होती.

"आता दोन कागद लावा, दादा. आणि खाली सही करा, की तुम्ही हे वाचलंय."

त्याने सही केली. मग दोन कागद धरले आणि मला दाबले. मी पिन सोडली ती कागदात थोडी आणि त्याच्या अंगठ्यात थोडी. मुद्दाम सोडली, मित्रांनो, खोटे कशाला बोलू? नऊ वर्षांचे अक्रोड त्या एका पिनेत होते. तो कळवळला. तिने टेबलावरचा कागदी रुमाल त्याच्यापुढे सरकवला आणि तिकिटाला रक्त लागलेले नाही ना, एवढेच पाहिले.

पुढचे धाकट्याने परत आल्यावर सांगितले. ती खोलीत गेली तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. हिने जवळ जाऊन चष्मा तिच्या डोळ्यांवर लावला आणि कानाशी तोंड नेऊन आपण कोण ते सांगितले. आईने तिला बराच वेळ न्याहाळले.

"तू बोलत नाहीस म्हणे आमच्याशी?"

"बोलते. मला सांगितलं होतं, मी बोलले की तुम्हाला त्रास होतो."

"मला नाही होत," आई म्हणाली. "मग आपल्या दोघींच्या मधे कोण बोलत होतं गं?"

धाकटा तोंड उघडणार तेवढ्यात हिने त्याचा हात दाबला. "आधी ऑपरेशन होऊ द्या, आई. ज्याने केलं तो स्वतः येऊन सांगेल."

ऑपरेशन नीट पार पडले. आई उठून बसू लागली. धाकटा बायकोसह परत आला तो वेगळाच माणूस होऊन. आल्या आल्या त्याने दोन्ही टेबलांवरच्या पाट्यांची अदलाबदल केली. थोरल्याला सहली दिल्या. परदेशी तिकिटांच्या टेबलावर सकाळच्या वेळी ती बसू लागली. विजेचे यंत्र थोरला आपल्याबरोबर घेऊन गेला. मी माझ्या जागेवर राहिलो आणि शनिवारी मला पुन्हा तेल मिळू लागले.

महिन्याभराने आईचा निरोप आला. थोरल्याला पाठवा, मला त्याच्याशी बोलायचंय.

तो तिच्या टेबलापुढे उभा राहिला. पासपोर्ट पुढे केला. बोटांनी त्याचा कोपरा दुमडत होता.

"बसा म्हणणार नाहीस का?" तो म्हणाला. 'तुम्ही' कुठे गेले कोण जाणे.

"बसा, दादा."

तिने वाट शोधली, तिकीट काढले. त्याने विचारले, "मधे मला काही लागेल का?"

मित्रांनो, मी या क्षणाची वाट पाहत होतो. एकच कागद दे, असे मी तिला मनातल्या मनात विनवत होतो. त्याला मधे कुठेतरी काउंटरवर उभा राहू दे, मागे रांग खोळंबू दे, त्याला जमिनीवर बसून बॅग उघडू दे. मी एका कागदातून आरपार जायला तयार होतो. या वेळी मला त्याचे पाप वाटले नसते.

तिने नियमाचा कागद छापला आणि त्याच्यापुढे ठेवला. "काही लागत नाही. मोठ्याने वाचा."

त्याने वाचले. मग पुन्हा वाचले. कागद खरा होता, शब्दन् शब्द खरा होता. पण चोराच्या मनात चांदणे. तो कागद घेऊन आपल्या टेबलावर गेला आणि दुसऱ्या ऑफिसांना फोन करून तेच विचारू लागला. एका ठिकाणी विचारले, मग दुसऱ्या ठिकाणी, मग तिसऱ्या. सगळीकडून एकच उत्तर आले. तरी त्याच्या कपाळावरचा घाम जाईना. त्या तिकिटात त्याला काय काय दिसत असेल, ते त्याच्याइतके दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा मला कळले की ही बाई माझ्यापेक्षा पोचलेली आहे. मी अंगठ्यावर समाधान मानले होते.

तो सही करून कागद घेऊन आला. तिने तिकीट पुढे घेतले, नियमाचा कागद मागे घेतला. मग चष्म्याच्या दुकानातली एक छोटी पारदर्शक पिशवी काढली. तिच्यात तो नखाएवढा कोपरा होता. ती तिने वर ठेवली आणि तिन्ही एकत्र धरून मला दाबले. मी मनापासून चावलो.

"हे काय?" थोरल्याने विचारले. त्याला माहीत होते.

"हे आईंच्या हातात द्यायचं. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा."

"आणि नाही दिलं तर?"

"मी त्यांना कळवलंय, की दादा येताना तुमच्यासाठी एक कागद आणतायत. त्या वाट बघतायत." तिने पासपोर्टवर तिकीट ठेवून त्याच्याकडे सरकवले. "आणि आता त्यांना बारीक अक्षरंही वाचता येतात."

थोरला गेला. दारातून बाहेर पडताना तिकीट त्याने दोन्ही हातांत धरले होते, ते जड असल्यासारखे.

मित्रांनो, माझी विनंती छोटीशी आहे. आमच्यासारख्या वस्तूंना कधीतरी तेल घाला. आमच्या बुडाने अक्रोड फोडू नका. पिना चांगल्या आणा. आणि जोडलेला कागद वेगळा करायची वेळ आलीच, तर घाई न करता चिमट्याने पिन काढा. हिसका दिलात तर कागद तुमच्या हातात येईल, पण कोपरा माझ्याकडे राहील.